११२ ला तुमचं घर का सापडत नाही, आणि त्यासाठी कायद्यात काय हवं

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: घरी सासूबाई दिवसभर एकट्या असतात. अडीअडचणीला ११२ लावा म्हणून त्यांना शिकवून ठेवलंय, पण तिकडून तालुका, गाव, जवळची खूण असं सगळं विचारतात म्हणे. जेवणाचं पार्सल आणणारा पोरगा बरोबर दारात येतो, मग ११२ ला घर का दिसू नये? परदेशात यासाठी कायदे झालेत असं वाचलं. आपल्या नव्या दूरसंचार कायद्यात तसं काही आहे का? नसेल तर कुणाकडे काय मागायचं?

माझी नोकरी बिनतारी संदेश यंत्रणा आणि नियंत्रण कक्ष यांच्यातच गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी पार्सलवाल्याचं बघू. त्याला घर सापडतं कारण ॲपला तुम्ही लोकेशनची परवानगी दिलेली असते, नकाशावर पिन स्वतः टाकलेली असते, आणि एवढं करूनही तो खालून ‘मॅडम, गेट कुठलं?’ म्हणून फोन करतोच. ११२ वर जातो तो साधा कॉल. त्याच्यासोबत तुमचा नंबर जातो, आणि मोबाइल कंपनीकडून जे ठिकाण येतं ते बहुतांशी टॉवरवरून काढलेलं असतं. सिम ज्याच्या नावावर आहे त्याचा पत्ता मिळाला तरी त्याचा फारसा उपयोग नाही. सासूबाईंचं सिम मुलाच्या नावावर आणि मुलाच्या आधारवर पत्ता बार्शीचा, हे घरोघरी असतं.

टॉवरवरून निघालेलं ठिकाण म्हणजे नकाशावरचा एक ठिपका नव्हे, तो एक मोठा पट्टा असतो. आसरा चौकाच्या आसपास टॉवर दाट आहेत, तिथे तो काही शे मीटरचा येईल. दक्षिण सोलापुरात एखाद्या शेतवस्तीवरून फोन लावला तर तोच काही किलोमीटरचा होतो. एवढ्यात ऊस, ओढे आणि चार वस्त्या सहज बसतात. रात्री गाडी घेऊन त्यात शोधायचं कुठे?

म्हणून विचारावं लागतं. महाराष्ट्रातले ११२ चे कॉल जिल्ह्यात घेतले जात नाहीत. मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे आणि जोडीला नागपूरचं. तिथे कॉल घेणारा माणूस माहिती भरून ‘इव्हेंट’ तयार करतो, तो सोलापूरच्या नियंत्रण कक्षात येतो, आणि इथला डिस्पॅचर, म्हणजे गाड्या पाठवणारा माणूस, जवळच्या गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे गाडीत बसवलेल्या टॅबवर, तो टाकतो. यात कुणाची चूक नाही, रचनाच तशी आहे. पण सोलापूरची नावं त्या रचनेला कशी फसवतात ते बघा. घाबरलेला माणूस ओरडतो, ‘होटगी रोडला या!’ होटगी रोड शहरात आहे, विमानतळाकडे जाणारा, पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत. होटगी गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. होटगी स्टेशन पुन्हा वेगळं. अक्कलकोट रोड आणि अक्कलकोट यांचीही तीच गत. विजापूर रोड आणि विजापूर यांची तर राज्यंच वेगळी. आपल्याला ‘विजापूर रोडला, सैफुलच्या पुढं’ एवढं पुरतं. नवी मुंबईत हेडफोन लावून बसलेल्या, समजा जळगावच्या, मुलीने ते पहिल्या दमात बरोबर टिपावं म्हणणं जरा जास्तच होईल.

सोलापूरच्या पूर्व भागात आणखी गुंता. तिथे पत्ता सांगायचा तो तालमीवरून नाहीतर देवळावरून. विडी घरकुल, म्हणजे विडी कामगारांची वसाहत, म्हटलं की जुनं की नवं हे विचारावंच लागतं. फोनवरची आजी घाबरली की मराठी सोडून तेलुगूत बोलायला लागते. अक्कलकोटच्या बाजूला हेच कन्नडमध्ये होतं. भाषा जाणणारा माणूस कॉलवर घेता येतो, पण तेवढा वेळ जातोच.

यावरचा उपाय तोंडी पत्त्यात नाही, फोननेच स्वतःचं ठिकाण कळवण्यात आहे. आणि ते तंत्र जुनं झालंय. त्याला एएमएल म्हणतात. आणीबाणीचा नंबर लावला की फोन स्वतःहून जीपीएस आणि वायफाय चालू करतो, मिळालेले अक्षांश-रेखांश एका न दिसणाऱ्या एसएमएसने किंवा इंटरनेटवरून केंद्राला पाठवतो आणि पुन्हा बंद करतो. लोकेशन बंद ठेवलेलं असलं तरी हे चालतं. कुठलं ॲप टाकायला नको की सासूबाईंना काही शिकवायला नको. ब्रिटनमध्ये हे २०१४ मध्ये सुरू झालं. गूगलने २०१६ पासून अँड्रॉइडमध्ये अशीच सोय घातली, ॲपलने २०१८ मध्ये आयफोनमध्ये. म्हणजे तुमच्या पर्समधल्या फोनमध्ये ती बहुधा आत्ताही आहे. ती माहिती घ्यायची तयारी केंद्राकडे हवी. भारतात उत्तर प्रदेशने २०२५ च्या अखेरीस ही सोय आपल्या ११२ ला जोडून घेतली.

इथून तुमच्या कायद्याच्या प्रश्नाकडे येतो. तंत्र आलं म्हणजे ते वापरलं जातंच असं नाही. युरोपने त्याची सक्ती केली. तिथे ११२ हा समान नंबर १९९१ च्या निर्णयाने आला, पण नंबर देऊन ते थांबले नाहीत. २०१८ च्या दूरसंचार संहितेत त्यांनी लिहून टाकलं की कॉल करणाऱ्याचं ठिकाण नेटवर्ककडून आणि फोनकडून अशा दोन्ही वाटांनी आलं पाहिजे, कॉल जोडला की उशीर न लावता आलं पाहिजे, आणि त्याचे पैसे ना कॉल करणाऱ्याकडून घ्यायचे ना केंद्राकडून. पुढे नियम केला की १७ मार्च २०२२ नंतर बाजारात येणारा प्रत्येक स्मार्टफोन ठिकाण पाठवू शकणाराच हवा. फोन बनवणारा, सिम देणारा आणि कॉल घेणारा, तिघांनाही बांधलं.

अमेरिकेची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. ९११ या तिथल्या आणीबाणीच्या नंबरावरचा पहिला कॉल १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीव्हिल गावात झाला. तेव्हाची यंत्रणा तांब्याच्या तारांवरची. पुढे नंबरावरून घराचा पत्ताही पक्का कळू लागला. मोबाइल आला आणि पत्ताच हरवला. तिथले कायदे एकेका ठेचेनंतर झालेले आहेत, त्यातला एक मला आपल्याकडे जसाच्या तसा हवा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासच्या मार्शल शहरात एका हॉटेलच्या खोलीत कारी हंट नावाच्या महिलेचा खून झाला. नऊ वर्षांची मुलगी खोलीतल्या फोनवरून पुन्हा पुन्हा ९११ लावत होती, पण कॉल लागला नाही, कारण त्या हॉटेलात बाहेर फोन लावायला आधी ९ दाबावा लागायचा आणि ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आजोबांनी नेट लावला आणि २०१८ मध्ये कारीच्या नावाने कायदा झाला: कुठल्याही हॉटेलच्या, कचेरीच्या अंतर्गत फोनवरून ९११ थेट लागला पाहिजे, आधी कुठलाही आकडा न दाबता, आणि असा कॉल झाला की त्या इमारतीच्या स्वागत कक्षाला किंवा सुरक्षेलाही कळलं पाहिजे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्यामुळे कॉलसोबत मजला आणि खोलीपर्यंतचा पत्ता द्यायची जबाबदारी आली.

आता सोलापूर बघा. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर करणारे भाविक इथल्या लॉजवर उतरतात. त्या लॉजच्या, मोठ्या इस्पितळांच्या, एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या ईपीएबीएक्सवर, म्हणजे अंतर्गत फोनच्या यंत्रणेवर, बाहेरच्या लाइनला शून्य दाबायचा रिवाज अजून आहे. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले. आवारातच राहणारी माणसं त्यात होती. त्या रात्री फोनमुळे काही अडलं असं मी म्हणत नाही. पण माणसं कारखान्यात झोपतात ही आपल्या गावची रीत आहे, आणि तिथल्या टेबलावरच्या फोनवरून ११२ किंवा १०१ थेट लागतो का, हे तपासायला सांगणारा खास कायदा आपल्याकडे नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. त्याखाली दर जानेवारी आणि जुलैत आगीची यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या तपासणीत फोनची एक ओळ वाढवायला किती कष्ट पडतील? ईपीएबीएक्स बसवणारा मिस्त्री हे काम अर्ध्या तासात करून देतो. (तपासायचं म्हणून उगाच ११२ लावू नका, मिस्त्रीला सेटिंग दाखवायला सांगा.)

अमेरिकेतला सध्याचा मोठा बदल म्हणजे ती जुनी तारांची यंत्रणा काढून सगळं इंटरनेटच्या धर्तीवर आणणं, म्हणजे आवाजासोबत मजकूर, फोटो, व्हिडिओ, ठिकाण एकत्र येईल. २०२४ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने नियम केला की स्थानिक ९११ यंत्रणेने मागणी केली की फोन कंपन्यांनी नव्या स्वरूपात कॉल आणून द्यायचा आणि ठरलेल्या ठिकाणापर्यंतचा खर्चही कंपन्यांनीच करायचा. खर्च कुणाचा, हेच भांडणाचं मूळ होतं. तिथे फोनबिलावर ९११ चा आकार घेतात आणि काही राज्यं तो पैसा भलतीकडे वळवतात. आयोग दरवर्षी अहवाल काढून त्या राज्यांची नावं छापतो. मला हा प्रकार आवडतो.

आपल्याकडे काय आहे? डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर निर्भया निधी उभा राहिला. ट्राय या दूरसंचार नियामकाने एप्रिल २०१५ मध्ये ११२ या एकाच नंबराची शिफारस केली. हिमाचल प्रदेशात नोव्हेंबर २०१८ मध्ये पहिल्यांदा ही सेवा सुरू झाली, महाराष्ट्रात २०२१ मध्ये. हे सगळं योजना आणि आदेशांवर उभं आहे. कायद्याच्या ताकदीने आलेली ठळक गोष्ट म्हणजे २०१६ चे पॅनिक बटणाचे नियम: १ जानेवारी २०१७ पासून कीपॅडच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरला की आणीबाणीचा कॉल गेला पाहिजे, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबल्यावर. विडी वळणाऱ्या किती बायकांकडे अजून कीपॅडचाच फोन आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून हा नियम लहान वाटला तरी माझ्या लेखी मोलाचा आहे. पण तो फोन बनवणाऱ्याला बांधतो. कॉल लागल्यावर ठिकाण किती मीटरच्या आत कळलं पाहिजे, किती सेकंदांत, आणि नाही कळलं तर जाब कुणी द्यायचा, यावर आपण कायद्यात काही लिहिलेलं नाही. माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे. आपण बटणाचा नियम केला, उत्तराचा केला नाही.

तुम्ही विचारलेला दूरसंचार कायदा २०२३ चा. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांच्या जागी तो आणला. बरीचशी कलमं २६ जून २०२४ पासून लागू झाली. त्यातलं २० वं कलम आणीबाणीचं. त्याची चर्चा फोन ऐकणं आणि इंटरनेट बंद करणं यावरच होते, आणि ती व्हायलाही हवी. पण त्याच कलमात एक कामाची तरतूद आहे: मदतकार्याला नेमलेल्या माणसांचे संदेश आपत्तीच्या वेळी प्राधान्याने पुढे नेण्याची व्यवस्था सरकारला करता येते. आषाढीला पंढरपुरात कधी उभ्या राहिला असाल तर याचं महत्त्व सांगायला नको. वाळवंटात लाखो फोन एकाच वेळी दोन-चार टॉवरला लोंबकळलेले असतात, मेसेज जात नाही, आणि बंदोबस्तातला अधिकारी त्याच नेटवर्कवर ॲम्ब्युलन्स बोलावायला धडपडत असतो. पोलिसांकडे वायरलेस आहे, पण डॉक्टर, महसूल आणि मंदिर समिती त्यावर नसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला आणि लांबोटीजवळ पुणे महामार्गच अडला, तेव्हाही बरीचशी धावपळ साध्या मोबाइलवरच चालली होती.

ही तरतूद मदत करणाऱ्यांसाठी झाली. मदत मागणाऱ्याच्या कॉलबद्दल, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या, त्यात थेट काही नाही. तरी निराश व्हायचं कारण नाही, कारण त्यासाठी संसदेत नवं विधेयक आणावं लागणार नाही. याच कायद्याच्या १९ व्या कलमाखाली केंद्र सरकारला दूरसंचार उपकरणं आणि सेवांची मानकं ठरवता येतात, आणि कंपन्यांना परवानगी देताना अटीही घालता येतात. फोनने ठिकाण पाठवायचं, कंपनीने ते फुकट पोचवायचं आणि राज्याच्या केंद्राने ते घ्यायचं, एवढं अधिसूचनेने होऊ शकतं.

यावर कुणीतरी खासगीपणाचा मुद्दा काढतोच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ च्या सातव्या कलमात जीव धोक्यात असलेल्या वैद्यकीय आणीबाणीसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा लिहिलेली आहे. आपत्तीसाठीही आहे. तेव्हा कायदा आड येतो हे कुणी सांगितलं तर कलम दाखवा. खरा प्रश्न कॉल संपल्यानंतरचा आहे: ते ठिकाण किती दिवस ठेवायचं आणि कुणाला बघू द्यायचं. नवरा मारतो म्हणून ११२ लावणाऱ्या बाईचं ठिकाण ओळखीच्या शिपायामार्फत सासरी पोचता कामा नये. नियमात हे स्पष्ट हवं.

एक गोष्ट राजधानीत बसून कुणाला सुचत नाही, ती म्हणजे सीमा. मंगळवेढा, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांतली कितीतरी गावं कर्नाटकाला लागून आहेत. भीमेच्या काठावर उभं राहिलात तर फोनला पलीकडच्या राज्याचा टॉवर जास्त जोरात मिळतो. कॉल कुठल्या राज्याच्या केंद्राला जायचा हे फोन कुठल्या टॉवरला लागला यावर ठरतं, तुमच्या सातबाऱ्यावर नाही. मग कॉल कन्नड बोलणाऱ्या केंद्रात जातो, तिथून महाराष्ट्राकडे वळवायचा, आणि घाबरलेल्या माणसाने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. कॉल वळवला की ठिकाण आणि टिपलेली माहितीही त्यासोबत गेली पाहिजे, हा नियम फक्त केंद्र सरकारच करू शकतं. हेच ११२ आणि १०८ यांच्यातही लागू. आपली १०८ सेवा जानेवारी २०१४ ची, सुरुवातीच्या ९३७ रुग्णवाहिकांसह; तिचं नियंत्रण केंद्र पुण्यात, ११२ पासून वेगळं. म्हणून आज घडीला छातीत दुखणं, पडणं, चक्कर यासाठी सासूबाईंना १०८ शिकवा. चोर, मारामारी, पाठलाग यासाठी ११२. फोनजवळ मोठ्या अक्षरात एक कागद चिकटवा: सोलापूर शहर, जुळे सोलापूर, सोसायटीचं नाव, मजला, तुमच्या पोलीस ठाण्याचं नाव आणि बाहेरच्या माणसालाही नकाशावर सापडेल अशी एक खूण. ‘पवारांच्या बंगल्यासमोर’ चालणार नाही.

ठिकाण सुटलं तरी गाडी यायची राहते, आणि ती राज्याची बाब आहे. गुजरातने २००७ मध्येच आणीबाणीच्या वैद्यकीय सेवेचा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे प्रतिसादाच्या वेळेचे सरासरी आकडे सांगितले जातात. सरासरीवर मी फारसा विसंबत नाही. शहरातले दहा झटपट कॉल करमाळ्यातल्या एका लांबलेल्या कॉलला झाकून टाकतात. वेळ मोजायची ती पहिली रिंग वाजल्यापासून, इव्हेंट तयार झाल्यापासून नव्हे. आणि ‘पोहोचलो’ हे बटण माणसाने दाबण्याऐवजी गाडीच्या जीपीएसवरून आपोआप नोंदलं जावं. प्रत्येक तालुक्याचे आकडे वेगळे छापावेत. हे कुणाला पकडायला नव्हे. माळशिरसला गाडी कमी पडते की अक्कलकोटला, हे त्याशिवाय कळायचं कसं?

तर कुणाकडे मागायचं. दूरसंचार हा केंद्राचा विषय. पोलीस आणि आरोग्य राज्याचे. एकच निवेदन सगळीकडे पाठवलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून दोन वेगळी पत्रं लिहा. खासदारांना: दूरसंचार कायद्याच्या १९ व्या कलमाखाली फोनकडून येणाऱ्या ठिकाणाची सक्ती, मीटर आणि सेकंद आकड्यात लिहून, अंतर्गत फोनवरून ११२ थेट लागण्याचा नियम, आणि राज्यांमध्ये कॉल वळवताना माहिती सोबत जाण्याचा. आमदारांना: उत्तर प्रदेशने केलं तसं महाराष्ट्राच्या ११२ ने फोनचं ठिकाण घ्यायला सुरुवात करणं, ११२ आणि १०८ च्या संगणकांवरची माहिती एकमेकांना दिसणं, तेलुगू आणि कन्नड जाणणारी माणसं प्रत्येक पाळीत असणं, आणि तालुकावार वेळा. अधिवेशनात तारांकित प्रश्न लावा असं स्पष्ट शब्दांत लिहा, कारण त्याला मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. सीमेवरच्या गावांचा मुद्दा तेवढा दोन्ही पत्रांत घाला, आणि जमल्यास त्या गावांच्या ग्रामपंचायतींचे ठराव सोबत जोडा.